वारा न लागणारी पेटी

आमच्या घरात ग्राफिक्स कार्ड हा शब्द शिरला आणि तेव्हापासून कुणी एका जागी बसेना. नात जेवता जेवता उठायची, फोन बघायची, परत ताटावर यायची. भाव उतरला म्हणायची, आणि घास गिळेपर्यंत तो पुन्हा चढलेला असायचा. ती उठली की मी उठायचे, मी उठले की मिस्तरी विचारायचे, काय झालं. काहीच झालेलं नसायचं. भाजी मात्र गार व्हायची.

मिस्तरी म्हणजे माझे यजमान. सगळी गल्ली त्यांना मिस्तरी म्हणते म्हणून मीही म्हणते. नवऱ्याला काय हाक मारावी हा प्रश्न त्यामुळे आयुष्यभर पडला नाही. नातीचं नाव त्यांनी ठिणगी ठेवलं. शाळेच्या दाखल्यावर दुसरं आहे, पण ते मास्तरांपुरतं. आमची लेक, म्हणजे ठिणगीची आई, दूरच्या देशात म्हाताऱ्या माणसांच्या निवासात नर्स आहे. जावई वारले, त्यानंतर वर्षभरात ती तिकडे गेली आणि पोर आमच्याकडे राहिली. आता पोर म्हणायचं ते सवयीनं. कॉलेजात जाते, संध्याकाळी चष्म्याच्या दुकानात काम करते, आणि दार आपटायला शिकली आहे.

या मायलेकींचं फोनवर पटत नाही. आई विचारते, जेवलीस का. त्यात न पटण्यासारखं काय आहे? पण ठिणगीला त्यात ऐकू येतं, मी नाही म्हणून तू नीट जेवत नसशील. ती तुटक उत्तर देते. आईला त्यात ऐकू येतं, तू गेलीस तर आता विचारतेस कशाला. दोन वाक्यांत ठिणगी फोन कापते आणि मग दोन्हीकडे दोघी रडतात. तिकडचं मला दिसत नाही, पण माझी लेक आहे, मला कळतं.

खेळात मात्र असं होत नसे. रविवारी दुपारी लेकीची रात्रपाळी सुटायची, तेव्हा दोघी आपापल्या कॉम्प्युटरवर बसून एक वस्तीचा खेळ खेळायच्या. त्यात मोकळं रान मिळतं. तिथे आपण घरं बांधायची, विहिरी खणायच्या, वाटा आखायच्या. आईची एक बाहुली, ठिणगीची एक बाहुली. दगड इकडे दे, हा घे, वाकडा बसला, बसू दे. हात कामात असले की जीभ सैल होते, तसं मधूनच खरं बोलणंही होऊन जायचं. जावयांबद्दल दोघी पहिल्यांदा बोलल्या त्या एका विहिरीचा कठडा बांधताना. मी दारात शेंगा सोलत होते. हातातली शेंग हातातच राहिली.

मग त्या खेळाची नवी आवृत्ती आली आणि जुनी बंद झाली. नवीत म्हणे ऊन खरं पडतं, सावल्या खऱ्या हलतात. लेकीचं मशीन बरं होतं, तिथे तो चालला. आमच्या जुन्या कॉम्प्युटरने मात्र मान टाकली. चित्र एकदा हललं की पुन्हा हलेपर्यंत माणूस विहिरीवरून पाणी आणेल. रविवार ओस पडले. उरला तो फोन.

आणि त्याच महिन्यात लेकीचा करार संपत होता. पुढची दोन वर्षं तिथेच राहायचं का परत यायचं, हे तिला महिनाअखेरीस सही करून कळवायचं होतं. ठिणगी माझ्या शेजारी भांडी पुसत होती, तेव्हा तिने हे काढलं. तिला आईला सांगायचं होतं, सही करू नकोस, ये. मी म्हटलं, मग सांग की, फोन आहे.

"फोनवर नाही, आजी. फोनवर माझं भांडण होईल आणि ती रागात सही करून टाकेल. खेळात मला सांगता येईल."

बाहेरचा कुणी ऐकता तर हसला असता. मी हसले नाही. महिन्याच्या शेवटच्या रविवारच्या आत नवं मशीन उभं राहायला हवं होतं. तयार मशीन घ्यायचं तर तिच्या साठवलेल्या पैशांत अर्धंच आलं असतं. आई पैसे पाठवते म्हणाली होती, ते आमच्या या बाईसाहेबांनी परत फिरवले. तेव्हा एकच वाट होती, सुटे भाग घेऊन आपण जोडायचं. याआधी तिने घरात जोडलेली एकच गोष्ट म्हणजे टेबलपंख्याचं पातं, आणि तो पंखा अजून कुरकुरतो.

कसला भाग आधी घ्यायचा, यावरून ती रोज स्वतःशीच भांडायची. मला समजावता समजावता तिचंच तिला समजायचं. प्रोसेसर म्हणजे मशीनचं डोकं. ग्राफिक्स कार्ड म्हणजे चित्र रंगवणारा. डोकं महागाचं घेतलं तर रंगाऱ्याला पैसे उरत नाहीत आणि चित्र अडखळतं. रंगारी महागाचा घेतला तर डोकं त्याला काम पुरवू शकत नाही, मग तो बसून फुकट पगार खातो. बरं, डोकं बदललं की त्याखालचा मदरबोर्ड बदलतो, मदरबोर्ड बदलला की रॅम बदलते. एक टाका उसवावा तर सगळी शिवण हातात येते, तसा प्रकार. रात्री ठरवलेलं ती सकाळी दात घासताना मोडायची. पेस्ट तोंडात ठेवूनच सांगायला यायची, आणि काय सांगते ते कळायचं नाही. तरी मी हो म्हणायचे.

दुकानात मला सोबत नेलं. म्हातारी बरोबर असली की फसवत नाहीत, असं तिचं मत. दुकानदार बोलायला गोड, हाताने चपळ. त्याने काचेवर एकामागून एक खोकी मांडली. रंगीत दिवे लागणारी रॅम दाखवली. लाल, निळी, जांभळी होत होती. ठिणगीने विचारलं, दिव्यांनी खेळ जोरात चालतो का. तो म्हणाला, चालत नाही, पण छान वाटतं. ती म्हणाली, छान वाटायला माझ्याकडे आजी आहे. ती रॅम परत गेली.

पॉवर सप्लायवर घोडं अडलं. वीज वाटणारा डबा तो. दुकानदार म्हणाला, हा स्वस्तातला घे, आतच तर राहतो, कुणाला दिसतोय. ठिणगी ऐकेना. म्हणाली, हा बिघडला तर जाताना बाकीच्यांनाही घेऊन जातो, इथे काटकसर नको. चांगला घेतला. ग्राफिक्स कार्ड मात्र वापरलेलं घ्यावं लागलं. दुकानदाराने ते त्याच्या मशीनला लावून दाखवलं. ती त्याच्या पंख्याला कान लावून उभी राहिली, मग दिव्याखाली धरून त्याच्या कडा बघितल्या, मग माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? मी मान हलवली. सगळं धरून हिशोब लावला तर कॅबिनेटला, म्हणजे ज्या पेटीत हे सगळं बसतं तिला, पैसे उरले नाहीत. दुकानदार म्हणाला, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेव. त्याने विनोद केला होता, पण तिने खोक्याकडे खरंच एकदा बघितलं.

घरी येऊन तिने हे सांगितलं आणि मिस्तरी ताठ बसले. पेटी, म्हणाले. पेटीला पैसे?

मिस्तरींचं आयुष्य पेट्या करण्यात गेलं. साध्या नव्हेत. औषधं आणि सोनं तोलायचे नाजूक तराजू असायचे, त्यांच्यासाठी काच बसवलेल्या लाकडी पेट्या. माणसाचा श्वास लागला तरी त्या तराजूचा काटा हलतो. म्हणून त्या पेटीत वारा शिरता कामा नये, धूळ तर नाहीच. वारा लागला की काटा खोटं बोलतो, असं ते म्हणायचे. त्यांच्या सांध्यातून उजेडाची रेघ दिसली तर ते पेटी पुन्हा उघडून करायचे. पुढे विजेचे काटे आले आणि पेट्या संपल्या. तेव्हापासून ते पटाशांना धार लावतात, पुसतात, ठेवून देतात. त्या पटाशांनी गेल्या कित्येक वर्षांत लाकूड चाखलेलं नव्हतं.

ठिणगीने कागदावर पेटीचं चित्र काढून दिलं. पुढे गोल भोकं, मागे गोल भोकं, वर जाळी. मिस्तरींनी ते चष्मा वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं, आणि गॅलरीत रंधा सुरू झाला.

शनिवारपर्यंत घरात दोन कारखाने चालू होते. आत जेवणाच्या टेबलावर ठिणगी मदरबोर्ड खोक्यावर ठेवून भाग बसवत होती. प्रोसेसर बसवताना तिने आम्हाला बोलायची बंदी केली. रॅम बसताना खटकन आवाज आला, तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला. मग कळलं, तो आवाज यायलाच हवा असतो. पहिल्यांदा बटण दाबलं तर काहीच झालं नाही. तिने नखं खाल्ली, एक वायर काढली, पुन्हा लावली, आणि पडद्यावर उजेड आला. खेळ उघडला. ऊन खरंच पडलं होतं. टेबलावर उघडंनागडं पसरलेलं ते मशीन संध्याकाळभर चाललं आणि एकदाही अडखळलं नाही.

रात्रीच्या जेवणाआधी मिस्तरींनी पेटी आत आणली. मी त्यांच्या पुष्कळ पेट्या बघितल्या आहेत, पण अशी नाही. कोपऱ्यांचे सांधे दातात दात घातलेले, कुठे खिळा नाही, स्क्रू नाही. बाजूचं झाकण खाचेतून सरकत यायचं आणि बसलं की कुठे बसलं ते शोधून सापडायचं नाही. पुढे पितळी बटण. वायरींपुरती दोन छिद्रं, आणि त्यांनाही आतून बनातीची, जाड लोकरी कापडाची पट्टी. गोल भोकं नव्हती. जाळी नव्हती.

"मुंगी शिरून दाखवू दे," मिस्तरी म्हणाले.

ठिणगीने पेटीवरून हात फिरवला. तोंड उघडलं. मग आजोबांकडे बघितलं. ते पेटीकडे बघत नव्हते, स्वतःच्या हातांकडे बघत होते, जुना ओळखीचा माणूस बऱ्याच दिवसांनी भेटावा तसे. तिने तोंड मिटलं. छान झालीय आबा, एवढंच म्हणाली. तिने सगळे भाग आत नीट बसवले आणि मिस्तरींनी झाकण सरकवून वरून पॉलिशचा शेवटचा हात दिला.

रविवारी दुपारी ठिणगीने आवाज खोलीभर सोडला, हेडफोन लावले नाहीत. मला शेजारी बसवलं. "इथेच बस. मी पळाले तर धर," म्हणाली. मिस्तरी गॅलरीत हत्यारं पुसत होते.

आईची बाहुली एका उताराच्या टोकाला उभी होती. इतक्या दिवसांनी दोघी समोर आल्या होत्या. लेक रात्रभर उभी राहून आलेली, तिचा आवाज दमलेला होता. ती म्हणाली, इथे एक घर बांधू या. ठिणगी म्हणाली, बांधू. दगड पडू लागले. एक भिंत झाली, दुसरी झाली. निवासातल्या एका आजोबांची गोष्ट निघाली, ते रोज हिला नव्याने नाव विचारतात. ठिणगी हसली. माझा जीव जरा भांड्यात पडला, तेवढ्यात तिचा पाय टेबलाखाली हलायला लागला.

"आई, तुला एक सांगायचंय."

"मलाही."

"आधी मी."

"बरं."

"तू ती सही…"

आणि पडदा काळा झाला. आतली घरघर थांबली. खोलीत इतकी शांतता झाली की गॅलरीतला कापडाचा आवाज ऐकू आला.

ठिणगीने बटण दाबलं. मशीन सुरू झालं, खेळ उघडेपर्यंत चाललं, आणि पुन्हा मेलं. तिसऱ्यांदा तर तेवढंही नाही. तिने पेटीवर तळहात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभी राहिली. मी हात लावला. पेटी गरम होती, इस्त्री ठेवून उचललेल्या कपड्यासारखी.

फोन वाजला. आईचा होता. ठिणगी मागे सरली. तू घे, म्हणाली, मी घेतला तर सगळं सांडेल.

मी घेतला. लेकीचा आवाज कोरडा होता. "कापला ना तिने? नेहमीसारखा."

मी म्हटलं, कापला नाही, मशीन बंद पडलं. ती म्हणाली, हो का. तिचा विश्वास बसला नव्हता. अशा वेळी बंद पडणारं मशीन मी तरी कधी ऐकलं होतं? मी म्हटलं, तू खेळात तिथेच थांब. ती म्हणाली, आई, माझे डोळे मिटतायत, उद्या बोलू. मी म्हटलं, उद्या नाही. तिथेच थांब. लेकीला मी असं दरडावून बऱ्याच वर्षांत बोलले नव्हते. तिने फोन ठेवला. थांबते म्हणाली नाही.

मिस्तरी आत आले होते. त्यांनी पेटीवर हात ठेवला आणि ठिणगीकडे बघितलं. ती सांगू लागली, आधी चाचरत, मग भराभर. मशीन तापतं. त्याला वारा लागतो. मिस्तरी म्हणाले, पंखे आहेत ना आत. ती म्हणाली, आहेत, पण ते तीच गरम हवा आतल्या आत फिरवतात, तिला बाहेर जायला वाट नाही.

"म्हणजे ती भोकं हवेसाठी होती."

"हो."

"मला वाटलं, शोभेची. मग काल बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती खूश होतात, आबा."

मिस्तरी पुढे झाले. झाकण सरकवायला गेले. ते हलेना. रात्रीचं पॉलिश पुरतं सुकलं नव्हतं, आतल्या उबेने ते खाचेत चिकटून बसलं होतं. त्यांनी बोटांनी ओढलं, मग फडकं लावून ओढलं. ठिणगीने दुसरीकडून जोर लावला. त्या झाकणाला पकडायलाच काही नव्हतं, त्यांनीच ठेवलं नव्हतं. तिकडे लेक बसली होती का उठून गेली होती, कुणाला ठाऊक. मी नुसती टेबलापासून दारापर्यंत जात होते आणि परत येत होते.

मिस्तरी गॅलरीत गेले आणि रुंद पटाशी आणि लाकडी हातोडी घेऊन आले. वायर काढ, म्हणाले. ठिणगीने वायर काढली. त्यांनी पेटी फिरवली, मागच्या फळीचा सांधा नखाने शोधला, पटाशी टेकवली. ठिणगी म्हणाली, आबा, थांबा, दुसरं काहीतरी बघू. ते म्हणाले, धर घट्ट. हातोडी पडली. सांधा हलला नाही, इतका चांगला होता. पुन्हा पडली, आणि दात तुटल्याचा आवाज झाला. मग त्यांनी खालचा कोपरा फोडला आणि फळी ओढून काढली. आतली ऊब भट्टीचं दार उघडावं तशी अंगावर आली.

"आता घाल वारा," ते म्हणाले.

आम्ही तो कुरकुरणारा पंखा पेटीच्या पाठीशी आणून लावला. ठिणगी वाकून आत बघत होती, भागांवर फुंकर घालत होती. मशीन पूर्ण गार होईपर्यंत थांबायला हवं, असं तिचंच म्हणणं होतं, पण तिच्याने थांबवेना. मी तिचं मनगट धरलं. सोडलं तेव्हा तिने बटण दाबलं.

खेळ उघडला. उतारावर दोन भिंती तशाच होत्या, आणि आईची बाहुली त्यांच्यापाशी उभी होती, हलत नव्हती. ठिणगीने हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मग आम्हाला श्वासाचा आवाज ऐकू आला, लांब, संथ. लेक खुर्चीतच झोपली होती. उठून गेली नव्हती.

"आई."

"हं. आलीस?"

"मशीन बंद पडलं होतं. खरंच."

"बरं. काय सांगत होतीस?"

ठिणगीने एक दगड ठेवला, दुसरा ठेवला. "ती सही करू नकोस."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग लेक म्हणाली, "मी परवाच केली. तेच सांगायचं होतं मला. फोनवर जमत नव्हतं."

दगड थांबले. मिस्तरी पेटीच्या मागे उकिडवे बसून पंख्यापुढे तळहात धरून होते. तिथून त्यांनी विचारलं, परत बंद पडलं का. मी म्हटलं, नाही, चालू आहे. मशीन चालू होतं, बंद पडली होती ती पोर. तिचा हात माऊसवरून सुटला आणि पेटीकडे गेला. पितळी बटणावर बोट टेकलं. पळाले तर धर म्हणाली होती. मी तिच्या हातावर माझा हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला.

"दोन वर्षांची नाही केली," तिकडून लेक म्हणाली. "एका वर्षाची केली. मधे सुट्टी मागितलीय."

"मिळेल?"

"माहीत नाही."

"मला राग आलाय."

"येऊ दे."

"खूप आलाय, आई."

"मी बसलेय इथे."

ठिणगीचं बोट बटणावरच होतं. मी मोजलं नाही किती वेळ. तेवढ्यात मिस्तरी गुडघे धरून उठले, पडद्यासमोर आले आणि चष्मा वर करून ते अर्धवट घर बघू लागले. दोन भिंती, तिसरीचे नुसते दोन दगड.

"याला खिडकी कुठाय?" ते म्हणाले. "ठेवा बाई. नाहीतर हेही तापेल."

तिकडे लेकीला हसू आलं. बाबा, तुम्ही आहात का तिथे, म्हणाली. मिस्तरी म्हणाले, आहे, आणि माझी पेटी फोडून बसलोय. काय झालं, काय झालं, असं ती विचारू लागली, आणि ते तिला सांध्याची हकीकत सांगायला लागले, पडद्यातल्या बाहुलीकडे तोंड करून.

ठिणगी हसली नाही. पण तिचं बोट बटणावरून उठलं. तिने माऊस धरला आणि पुऱ्या झालेल्या भिंतीतला एक दगड काढला, मग त्याच्या शेजारचा. पलीकडचा उजेड आत आला.

"आई," ती म्हणाली, "तिकडून तू काढ."